ऑक्टावची माती

"मेलेल्या माणसाच्या नावावर अर्ज जात नाही, स्मारांडाबाई," तुदोर म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

अर्जाच्या पहिल्याच रकान्यात, प्रकल्पप्रमुख म्हणून, ऑक्टाव चोबोतारू हे नाव तसेच होते. मागच्या वर्षीचा अर्ज उघडायचा आणि त्यातच यंदाचे बदल करायचे, अशी त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत होती. त्यामुळे नाव आपोआप आले होते. स्मारांडाने त्या नावाकडे पाहिले. आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून ती थोडी थांबली. काही वाटले नाही. भिंतीलगतचा हीटर तेवढा टकटक करत होता.

तुदोर त्यांच्या भूकंप संशोधन संस्थेचा संचालक होता. वयाने तिच्याहून बराच लहान, पण माणूस वाईट नव्हता. त्याने तिला सांगितले की नियमाप्रमाणे आता तिचेच नाव घालावे लागेल, दुसरे कुणी या कामातले उरलेले नाही. तिला झेपणार नसेल तर या वर्षी अर्ज करू नये. कुणी काही म्हणणार नाही. तीन वेळा नकार आलाच आहे, चौथ्यांदा तरी काय होणार आहे, हे तो बोलला नाही, पण ते त्याच्या चेहऱ्यावर होते.

"माझं घाला," स्मारांडा म्हणाली.

हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू चहात साखर किती घालू, असे कुणी विचारले होते.

ऑक्टाव जानेवारीत गेला होता. बर्फ पडून गेल्यावरच्या एका सकाळी ट्रामच्या थांब्यावर तो खाली बसला आणि उठलाच नाही. त्या दिवशी स्मारांडा संस्थेतल्या त्यांच्या खोलीत दोघांची कॉफी करून बसली होती. त्याला उशीर झाला म्हणून तिने त्याच्या कपावर बशी झाकून ठेवली होती. दुपारी फोन आला.

दोघे एका खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर उभे आयुष्य बसले होते. तरी ते एकमेकांना कधी अरे-तुरे करत नसत. तो तिला स्मारांडाबाई म्हणे, ती त्याला ऑक्टावसाहेब. संस्थेत सुरुवातीला यावरून लोक हसत. पुढे हसणारे निवृत्त झाले, तरी हे दोघे तसेच राहिले. त्यांच्यात लोक समजत तसे काही नव्हते. पण त्याला कोणत्या वेळी खोकला येतो, तो चिडला की चष्म्याची काडी कशी चावतो, पावसाळी दिवसांत त्याचा कुठला गुडघा दुखतो, हे तिला माहीत होते. अंत्यविधीच्या वेळी ती तिसऱ्या रांगेत उभी होती. लोक त्याच्या बायकोचे, लुक्रेत्सियाचे, हात हातात घेत होते. स्मारांडाला कुणी काही म्हणाले नाही. म्हणण्यासारखे नातेच नव्हते.

ती रडली नाही. घरी गेल्यावर येईल रडू, असे तिला वाटले. घरी तिने बटाटे उकडले, खाल्ले, ताट धुतले. मग वाटले, उद्या येईल.

त्यांचे काम भूकंपाचे होते. व्रांचाच्या डोंगरांत जमीन फार खोलवर हलते, आणि तिथला धक्का दूर मैदानात बसलेल्या बुखारेस्टला हलवून जातो. सत्याहत्तर सालच्या मार्चमध्ये त्याने शहरातल्या इमारती संध्याकाळच्या जेवणावर कोसळवल्या होत्या. स्मारांडा तेव्हा दहा वर्षांची होती. त्यामुळे ती या विषयाकडे वळली, असे लोकांना वाटे, आणि पत्रकार आले की तेच लिहीत. खरे म्हणजे तिला शिक्षण संपल्यावर नोकरी हवी होती आणि संस्थेत एक जागा रिकामी होती.

तो धक्का पुन्हा येणार हे सगळ्यांना ठाऊक होते. ऑक्टावला हे हवे होते की तो येण्याआधीच संगणकावर आणून बघावा. सगळ्या शहराखालची जमीन साखरेच्या वड्यांसारखी बारीक तुकड्यांत पाडायची, डोंगराखालून लाट सोडायची आणि ती एकेका तुकड्यातून कशी जाते, एकेका गल्लीत किती हादरा देते, हे मोजायचे. साध्या संगणकावर या हिशेबाला माणसाचा जन्म पुरला नसता. त्याला महासंगणक लागतो. तसा एक युरोपातल्या देशांनी मिळून फिनलंडमध्ये उभा केला होता आणि त्याचा वेळ अर्ज करून मिळत असे. अर्ज करणाऱ्यांत औषधे शोधणारे असत, हवामानवाले असत, तारे कसे फुटतात ते बघणारे असत. वेळ थोडा आणि मागणारे फार. परीक्षक सगळ्यांना एकाच ताजव्यात तोलत आणि बहुतेकांना परत पाठवत.

ऑक्टावला तीनदा परत पाठवले होते, आणि तिन्ही वेळा कारण एकच होते. विज्ञान चांगले आहे. प्रोग्राम चालणार नाही. तो प्रोग्राम ऑक्टावने एकट्याने, एकेक ओळ करून लिहिला होता. सुरुवात केली तेव्हा संस्थेतले यंत्र इतके दुबळे होते की त्यात आकडे दाबून-दाबून बसवावे लागत. त्या काटकसरीतून तो प्रोग्राम एखाद्या घड्याळासारखा सुबक झाला होता. पण आताचे महासंगणक म्हणजे हजारो छोट्या यंत्रांची फौज. काम त्या सगळ्यांत सारखे वाटून देता आले पाहिजे. ऑक्टावच्या प्रोग्रामला ते जमत नव्हते.

दुसऱ्या नकारानंतर स्मारांडाने त्याला हे एकदा स्पष्ट सांगून पाहिले होते. तयार, सगळ्यांना मोफत मिळणारा प्रोग्राम आहे, पाच-सहा देशांतल्या लोकांनी मिळून केलेला. तो घेऊ या. ऑक्टावने चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला आणि म्हणाला, "त्या लोकांनी आपला अर्ज वाचलेलाच नाही, स्मारांडाबाई." पुढचा आठवडाभर तो तिच्याशी कामापलीकडे बोलला नाही. तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

आता तिला अर्जाआधीची चाचणी करायची होती. प्रोग्राम मोठ्या यंत्रावर खरोखर पसरतो, हे थोड्याशा वेळात चालवून दाखवल्याशिवाय अर्ज पुढे जात नसे. अशा चाचण्यांत मदत करायला क्लुज शहरात एक केंद्र होते आणि तिथे इल्दिको नावाची अभियंता होती. हंगेरियन बाई, पन्नाशीची, आवाज घोगरा. पडद्यावर दिसे तेव्हा तिच्या मागे कायम कुंड्यांत वाळत चाललेली झाडे असत. तिने ऑक्टावचा प्रोग्राम आठ दिवस चालवून बघितला आणि एका सकाळी फोन केला.

"बाई, खरं सांगू, की गोड सांगू?"

"खरं सांगा."

"हा प्रोग्राम म्हणजे एकट्यानं काम करणारा गवंडी आहे. एकटा असला की भिंत अशी बांधतो की बघत राहावं. पण त्याच्या हाताखाली हजार माणसं द्या, हा थापी खाली ठेवतो आणि एकेकाला विचारत फिरतो, तुझं कुठवर आलं, तुझं कुठवर आलं. भिंत तिथंच राहते."

स्मारांडाने विचारले की दुरुस्त करता येईल का. इल्दिकोने सांगितले, येईल, दोघींनी दुसरे काही न करता दोन-तीन वर्षे दिली तर. आणि शेवटी जे तयार होईल त्यात त्याच्या मूळ ओळी फारशा उरणार नाहीत. मग तीही त्याच तयार प्रोग्रामविषयी बोलली. आणि शेवटी म्हणाली, "लिहिणारा माणूस कोण होता? फार नेटकं लिहिलंय हो. असं आता कुणी लिहीत नाही."

"माझे सहकारी होते," स्मारांडा म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती खिडकीशी गेली. अंगणात संस्थेचा कुत्रा बर्फाच्या उरलेल्या ढिगावर बसला होता. तिने ठरवायला वेळ लावला नाही. खरे तर तिने ठरवले असे म्हणताच येणार नाही. दुसरा रस्ताच नव्हता आणि अडून बसायला तिच्यात राग नव्हता, दुःख नव्हते, काहीच नव्हते. तिने इल्दिकोला कळवले की तयार प्रोग्राम घेऊ.

ऑक्टावकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र होती, आणि ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ती म्हणजे शहराखालची माती. लाट कुठे दबते आणि कुठे उसळते हे मातीवर ठरते, आणि कुठल्या गल्लीखाली किती खोल चिकणमाती, किती रेती, हे कळायला ठिकठिकाणी भोके पाडावी लागतात. सरकारने ती कधी पाडली नाहीत. ऑक्टावने दुसऱ्यांनी पाडलेल्या भोकांचा माग काढला. कुठे विहीर खणत आहेत, कुठे बँकेचा पाया घेत आहेत, कुठे मेट्रोचा बोगदा, असे कळले की तो आपली खिळखिळी गाडी घेऊन तिथे हजर. मुकादमाला आलुबुखाराच्या दारूची बाटली द्यायची आणि खालून निघालेल्या चिखलाचे नमुने डब्यांत भरून आणायचे. एकदा पहारेकऱ्याने त्याला एका खड्ड्यात पकडून पोलिसांच्या हवाली केले होते. त्याला सोडवायला स्मारांडा संस्थेचे ओळखपत्र घेऊन गेली, तर हा चौकीत बसून हवालदाराला त्याच्या घराखाली काय आहे ते समजावून सांगत होता. तिने त्या सगळ्या मातीच्या नोंदी नव्या प्रोग्रामला समजतील अशा रूपात घालायला घेतल्या.

त्याच सुमारास चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना आली. लुक्रेत्सियाने फोन करून बजावले होते की तू यायचेच. कबरस्तानाच्या छोट्या चर्चमध्ये टेबलावर कोलिवा मांडला होता, म्हणजे मृतासाठी शिजवतात तो अक्रोड घातलेला गोड गहू, वर कोकोचा क्रूस. मेणबत्त्यांच्या उबेने खिडक्यांच्या काचा धुरकटल्या होत्या. पाद्र्याचे म्हणून झाल्यावर लुक्रेत्सिया कागदी पेल्यांतून कोलिवा वाटू लागली. घेणारा प्रत्येक जण, देव त्याला क्षमा करो, असे पुटपुटत होता. स्मारांडाची पाळी आली तेव्हा लुक्रेत्सियाने तिचा दंड धरला आणि तिला नातेवाइकांसमोर उभे केले.

"ही स्मारांडा. ऑक्टावचा प्रोग्राम आता हिच्या हातात आहे. त्या मोठ्या मशीनवर जाणार आहे तो या वर्षी."

ऑक्टावच्या एका म्हाताऱ्या चुलतभावाला कमी ऐकू येत असे. त्याने विचारले, कुठली मशीन, कापणीची का? सगळे थोडे हसले. लुक्रेत्सियाही हसली, नवरा गेल्यापासून कदाचित पहिल्यांदाच. मग तिने स्मारांडाकडे बघितले. "जाणार आहे ना गं?"

"हो," स्मारांडा म्हणाली.

तिने पेल्यातला गहू खाल्ला. तो गोड होता, दातांखाली येत होता, इतकेच तिला कळले.

मार्चमध्ये अर्ज लिहून झाला. हा विषय का, हेच यंत्र का, एवढाच वेळ का, वेळ वाया जाणार नाही याचा पुरावा काय. पुराव्याच्या जागी आलेख लागत असे, यंत्रे वाढवत नेली की कामाचा वेग किती वाढतो याचा. ऑक्टावच्या अर्जातला आलेख थोडा वर चढून म्हाताऱ्याच्या पाठीसारखा वाकत असे. नव्या प्रोग्रामचा आलेख सरळ, पट्टीने ओढल्यासारखा होता. तिने जुना काढून नवा लावला. मग ऑक्टावच्या प्रोग्रामवरची पाने काढली. ती त्याने फार मन लावून लिहिली होती. वाक्ये लांब, जरा जुन्या वळणाची, मध्येच एखादा टोमणा. तिने ती निवडली आणि बटण दाबले. हातात खारा पाव होता, त्याचे तीळ टेबलावर सांडत होते. ते तिने तळहाताने गोळा करून टोपलीत टाकले. माती कुणी गोळा केली या ओळीत तिने ऑक्टाव चोबोतारू असे लिहिले. मृत व्यक्तीसाठी वेगळी काही जागा त्या अर्जात नव्हती.

उत्तर उन्हाळ्यात आले. ती बाजारात चेरीच्या गाडीसमोर उभी असताना फोनवर दिसले. मंजूर. मागितला होता त्याहून कमी वेळ, पण काम होण्याइतका. एका परीक्षकाने लिहिले होते की प्रोग्राम सर्वपरिचित आहे, नवे काही नाही. पण शहराखालच्या जमिनीची इतकी तपशीलवार माहिती त्याने कुठल्याच अर्जात पाहिली नव्हती. स्मारांडाने ते वाचले. गाडीवाला किती देऊ म्हणत होता. तिने चेरी घेतल्या, घरी आणल्या, धुतल्या आणि खिडकीत बसून खाल्ल्या. ऑक्टाव असता तर त्याने हे वाचून काय केले असते, याचा तिने विचार करून पाहिला. त्याने पहिले वाक्य वाचून चष्मा मिटला असता. दुसऱ्या वाक्यापर्यंत तो गेलाच नसता.

दुसऱ्या दिवशी तुदोरने सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावले. त्याने बाटली काढली, आणि प्यायच्या आधी प्रत्येकाने गेलेल्यासाठी थोडी जमिनीवर सांडली. गालिचा नवा होता. तुदोर क्षणभर त्या डागांकडे बघत राहिला. मग तो तिला बाजूला घेऊन म्हणाला की ऑक्टावसाहेबांनी वेळीच ऐकले असते तर हा दिवस त्यांना बघायला मिळाला असता. ती म्हणाली, मिळाला असता. तुदोरला वाटले होते, ती भांडेल. ती भांडली नाही म्हणून तोच ओशाळला.

प्रत्यक्ष काम शरदात झाले. फिनलंडमधल्या यंत्रावर काम पाठवायचे, ते रांगेत पडून राहते आणि कधीतरी त्याची पाळी येते. पाळी आली तेव्हा स्मारांडा बाल्कनीत भाजलेल्या मिरच्यांची साले काढत होती. हिवाळ्यासाठी ती दर वर्षी वांगी-मिरचीची चटणी करून बरण्या भरी. एकटीला एवढी कशाला लागते, असे तिचा स्पेनला गेलेला भाऊ विचारी, तरी ती करी. हात पुसून ती संगणकाशी गेली. जे बघायला एका माणसाने आपले सगळे वय घातले होते, ते तिकडे एका दुपारी, तिचे हात मिरच्यांत असताना होऊन गेले होते.

नकाशा उघडला. सारे शहर, एकेक गल्ली, एकेक इमारत. जिथे हादरा कमी तिथे हिरवे, मग पिवळे, मग लाल, आणि सर्वांत वाईट तिथे काळपट लाल. कुणीही बघेल तसे तिने आधी आपले घर बघितले. पिवळे. मग संस्था, मग बाजार. मग तळ्यामागच्या जुन्या वस्तीकडे तिची नजर गेली. तिथे काळपट लाल रंगाचा एक ठिपका होता, फार मोठा नव्हे, तीन-चार इमारतींएवढा. त्यातल्या एका इमारतीत ती कधीकधी ऑक्टावकडे कागद पोचवायला गेली होती.

तिने लगेच काही मानले नाही. इल्दिकोला फोन करून सगळे तपासायला लावले आणि तेवढा भाग पुन्हा चालवला. ठिपका तिथेच राहिला. इल्दिको म्हणाली की चूक प्रोग्रामची नाही, तिथल्या मातीतच काहीतरी आहे, खाली बघा. स्मारांडाने खाली बघितले. त्या ठिकाणी मऊ चिकणमातीचा एक खोल द्रोण होता, लाट त्यात अडकून पुन्हा पुन्हा उसळत होती. एवढ्या लहान जागेतली माती इतक्या बारकाईने कशी कळली, याचे तिला आश्चर्य वाटले. आजूबाजूला तर मैलभर एकही भोक नव्हते. मग तिला दिसले की त्या द्रोणात भोके होती, एकमेकांजवळ तीन, आणि त्यातले एक त्याच इमारतीच्या अंगणातले. नोंद ऑक्टावची होती, पुष्कळ जुनी.

रविवारी ती लुक्रेत्सियाकडे गेली. लुक्रेत्सियाने मीटबॉल घातलेले आंबट सूप केले होते. घरात ऑक्टावची टोपी अजून दारामागच्या खुंटीवर होती. दोघी स्वयंपाकघरात बसल्या. स्मारांडाने चमचा उचलायच्या आधीच सांगून टाकायचे ठरवले होते, आणि तसेच सांगितले, की मोठ्या यंत्रावर जे चालले ते ऑक्टावसाहेबांचे नव्हते. दुसऱ्यांचा प्रोग्राम होता. त्यांचा तिथे चाललाच नसता.

लुक्रेत्सिया पावाचा तुकडा हातात धरून बसली.

"चर्चमध्ये तू हो म्हणालीस."

"म्हणाले."

"सगळ्यांसमोर."

"हो."

लुक्रेत्सियाने तुकडा खाली ठेवला. ती ओरडली नाही. "मी किती वर्षं रात्रीची एकटी जेवले, तुला माहीत आहे? तो तिकडे आतल्या खोलीत लिहीत बसायचा. पोरीचा ताप असो, माझी आई मरायला टेकलेली असो. मी म्हणायचे, जाऊ दे, काहीतरी मोठं करतोय. आणि आज तू माझ्या टेबलाशी बसून सांगतेस की दुसऱ्यांचं आयतं तयार होतं."

स्मारांडा म्हणाली, "माती त्यांचीच आहे."

"कसली माती?"

"शहराखालची. ती जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तिच्यावरच वेळ मिळाला."

"डबे," लुक्रेत्सिया म्हणाली. "चिखलाचे डबे. माझ्या बाल्कनीत ठेवायचा. मी त्याला म्हणायचे, लोकांचे नवरे फुलं आणतात." मग तिने स्मारांडाच्या सुपाकडे बोट केले. "खा. थंड होतंय."

स्मारांडाने खाल्ले नाही. तिने पिशवीतून संगणक काढून टेबलावर ठेवला. लुक्रेत्सियाने चष्मा लावला. तिने आधी चर्च ओळखले, मग ट्रामचा फाटा, मग तळे. तळ्यावरून बोट सरकवत ती आपल्या घरापाशी आली आणि थांबली.

"हा रंग कसला गं?"

"चांगला नाही."

"किती चांगला नाही?"

"सत्याहत्तरसारखा परत आला तर कुणीही या इमारतीत नसावं, इतका. तुम्ही मुलीकडे जा, लुक्रेत्सियाबाई. तिमिश्वाराला. निदान जायचा विचार तरी करा. हे मला नकाशा छापून येण्याआधी सांगायचं होतं, म्हणून आले."

लुक्रेत्सिया पडद्याकडे बघत राहिली. बाहेर अंगणात कुणीतरी गालिचा झटकत होते.

"त्याला माहीत होतं?"

स्मारांडाला खोटे बोलता आले असते. "अंगणातलं भोक त्यांनीच पाडून घेतलं होतं," ती म्हणाली.

"पाण्याचा पाइप बघतायत, असं सांगितलं होतं मला." लुक्रेत्सियाने चष्मा काढला. "मी त्या कामगारांना कॉफी नेऊन दिली होती."

मग तिने, जणू स्वतःलाच, सांगायला सुरुवात केली की ही जागा तिच्या आईची. आईने इथेच डोळे मिटले. ऑक्टाव मागे एकदा म्हणाला होता की आपण दुसरीकडे कुठे बघू या, आणि तिने त्याला असे काही सुनावले होते की त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. जायचे कशासाठी, हे त्याने तेव्हाही सांगितले नाही आणि नंतरही नाही. सांगून काय झाले असते, ती हलली नसतीच, आणि रोज रात्री छताकडे बघत पडली असती. हे तो ओळखून होता.

एकाएकी ती उठली. "इकडे ये."

ती पुढे, स्मारांडा मागे, अशा त्या झोपायच्या खोलीत आल्या. खोली साधी होती. कपाट दोन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलेले होते. आरसा कपाटाच्या दाराच्या आत बसवलेला. पलंग मोठा, दोघांचा, एका बाजूची उशी तशीच. पलंगाच्या डोक्याशी मोठी भिंत होती आणि त्या भिंतीवर काही नव्हते. लग्नाचा फोटो जाड लाकडी चौकटीत, खाली जमिनीवर, कोपऱ्यात टेकवून ठेवला होता. फोटोतला ऑक्टाव बारीक होता आणि टाय घट्ट झाल्यासारखा उभा होता.

"तो फोटो इथं लावू म्हणून मी लग्न झाल्यापासून भांडत आले," लुक्रेत्सिया म्हणाली. "हातोडी घेऊन उभी राहिले की हा माझ्या हातातून खिळा काढून घ्यायचा. डोक्यावर काही नको, म्हणायचा. एवढंच. मला वाटायचं, त्याला तो फोटोच बघायला नको असतो."

ती पलंगाला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिने त्या भिंतीवर हात फिरवला, खांद्याच्या उंचीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चुना जुना होता, पिवळट पडलेला. त्यावर खिळ्याचे एकसुद्धा भोक नव्हते.